हवेचा अहवाल वाचताना : गिरणगावाचा संमिश्र विकास आणि आघात मूल्यांकनाची मराठी

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर मोठ्या नागरी बांधकाम प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातील हवेविषयीचे प्रकरण आपल्याला स्वतः वाचता यावे, त्यातील आकडे कशाशी ताडून पाहायचे हे कळावे, आणि त्या आकड्यांभोवती रचलेली वाक्ये काय सांगतात व काय सांगायचे टाळतात हे ओळखता यावे, अशी अपेक्षा आहे. रसायनशास्त्राचे पूर्वज्ञान आवश्यक नाही. टक्केवारी काढता येणे आणि वाक्याचा कर्ता शोधता येणे एवढे पुरेसे आहे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण परिपत्रक, टिपणी, इतिवृत्त, जाहीर सूचना हे लेखनप्रकार पाहिले. पर्यावरण अहवाल हा त्यांच्याच कुळातला, परंतु अधिक अवघड प्रकार होय. तो मुळात इंग्रजीत लिहिला जातो. मराठीत येतो तो सारांश म्हणून, सूचना म्हणून किंवा बातमी म्हणून. या प्रवासात आकडे बहुधा शाबूत राहतात, अर्थ मात्र राहतोच असे नाही. आपल्यापैकी कोणी गृहनिर्माण संस्थेचे सचिव असतील, कोणी महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात काम करीत असतील, कोणी वृत्तपत्रासाठी बातम्या लिहीत असतील. शेजारच्या भूखंडावर चाळीस मजली मनोरा, त्याखाली दुकाने आणि पलीकडे कार्यालयांची इमारत उभी राहणार असेल, तर असा कागद केव्हातरी आपल्या हाती येतोच.

निवास, कार्यालये, दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे यांचा एकाच आवारात मेळ घालणाऱ्या बांधकामास 'संमिश्र वापराचा विकास' म्हणतात. मुंबईतील त्याचे सर्वांत परिचित उदाहरण गिरणगावाचे आहे. म्हणून परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी हा टापू डोळ्यांसमोर ठेवून आपण हा पाठ अभ्यासू.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष द्यावे. इंग्रजीतील 'इम्पॅक्ट' या शब्दासाठी केंद्र सरकारच्या हिंदी अधिसूचनेत 'समाघात' हा शब्द आहे. महाराष्ट्रात संबंधित प्राधिकरणाचे नाव 'राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण' असे आहे. भाषाविज्ञानाच्या पाठात आपण 'आघात' हा शब्द उच्चारातील जोर या अर्थाने वापरला होता. बोलीत मात्र आघात म्हणजे घाव, एकदाच बसणारा आणि जाणवणारा. हवेवरील परिणाम तसा क्वचितच असतो. तो दररोज थोडाथोडा साचतो. 'परिणाम' हा शब्द अधिक अचूक ठरला असता असे माझे मत आहे. परंतु आता संज्ञा रूढ झाली आहे आणि रूढ संज्ञा बदलण्यापेक्षा ती समजून वापरणे बरे.

२. गिरणगाव : एका शब्दाचा निवाडा

मुंबईत ५८ कापड गिरण्या आणि त्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हा उद्योग पुन्हा उभा राहिला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाची वाट खुली केली. ढोबळमानाने सांगायचे तर, जमिनीचे तीन वाटे व्हावेत, एक महानगरपालिकेला खुल्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, अशी ती कल्पना होती. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि हे वाटप केवळ 'मोकळ्या जमिनी'पुरते उरले.

आता मोकळी जमीन म्हणजे कोणती? जी आधीपासून मोकळी होती ती, की गिरणीची शेड पाडल्यावर जी मोकळी होईल तीही? वाद उच्च न्यायालयात गेला, तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ७ मार्च २००६ च्या निकालाने पहिला, म्हणजे संकुचित अर्थ कायम झाला. गिरण्यांच्या आवारात बांधकाम दाटीचे असल्याने आधीपासून मोकळी असलेली जमीन थोडीच होती. एका विशेषणाच्या काळाचा हा प्रश्न होता. 'मोकळी असलेली' आणि 'मोकळी होणारी' यांतील भेद मराठीत कृदन्ताने सहज दाखवता येतो; नियमाच्या इंग्रजी मजकुरात तो दाखवलेला नव्हता. शहराच्या हवेशी याचा संबंध सरळ आहे. मैदान वाहने ओढून आणीत नाही, जनरेटर चालवीत नाही, आणि वाऱ्याला वाट देते. त्याच जागी मनोरा उभा राहिला की या तिन्ही बाबतींत उलट घडते.

जुन्या गिरणगावची हवा निर्मळ होती असे कोणी समजू नये. धुरांडी होती, आणि आत खात्याखात्यांत कापसाचे तंतू होते. त्या तंतूंनी होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला वैद्यकात 'बिसिनोसिस' म्हणतात आणि अनेक कामगारांनी तो सोसला. धूळ तेव्हा भिंतींच्या आत होती, ती आता रस्त्यावर आली.

३. कायदा काय विचारतो

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांसाठी दोन पायऱ्या ठरवल्या. बांधकामाचे क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक परंतु १,५०,००० चौरस मीटरपेक्षा कमी असेल, तर तो प्रकल्प अनुसूचीतील ८(अ) या नोंदीत येतो. त्याहून मोठे बांधकाम किंवा ५० हेक्टर वा अधिक जमीन व्यापणारी वसाहत ८(ब) मध्ये येते. पहिल्या गटाला संपूर्ण आघात अहवाल द्यावा लागत नाही. विहित नमुन्यातील प्रश्नावली आणि संकल्पनात्मक आराखडा पुरतो. त्या प्रश्नावलीचा पाचवा भाग हवेविषयी आहे. मोठ्या वसाहतींना अहवाल आवश्यक असतो. या अधिसूचनेत पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, परंतु ही मूळ चौकट विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी.

या चौकटीतली खरी मेख पुढे आहे. कारखाना, खाण किंवा मोठा रस्ता असेल तर बहुतांश वेळा जनसुनावणी होते आणि तिच्यासाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. बांधकाम आणि वसाहत प्रकल्पांना या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले. सुनावणी नाही म्हणून मराठी सारांशाचीही सक्ती नाही. परिणामी, ज्या प्रकल्पाभोवती सर्वांत दाट वस्ती असते त्याचाच अहवाल त्या वस्तीच्या भाषेत येत नाही. मंजुरी मिळाल्यानंतर मात्र प्रकल्प प्रस्तावकाने वृत्तपत्रांत सूचना द्यायची असते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेत. ती साधारणपणे अशी असते (नमुना प्रस्तुत लेखकाने रचला आहे) :

'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, आमच्या प्रस्तावित निवासी तथा वाणिज्यिक प्रकल्पास पर्यावरणविषयक मंजुरी देण्यात आली आहे. मंजुरीपत्राची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात तसेच संकेतस्थळावर उपलब्ध आहे.'

व्याकरणदृष्ट्या सूचनेत दोष नाही. पण वाचकाला काय कळले? मंजुरी मिळाली, एवढेच. धूळ किती, किती वर्षे, कोणत्या बाजूला, हे कळण्यासाठी त्याने 'परिवेश' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर जाऊन इंग्रजी कागद उघडले पाहिजेत. ते सर्वांसाठी खुले आहेत, आणि हा पाठ वाचून झाल्यावर आपण ते उघडावेत.

भाषेचा हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला आहे. २०२० मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा इंग्रजी व हिंदीत प्रसिद्ध झाला. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतरित करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एक आपली आहे.

४. पायाभूत स्थिती : कोणत्या ऋतूतील हवा?

मूल्यांकनाची पहिली पायरी म्हणजे प्रकल्प येण्यापूर्वीची हवा मोजणे. परिसरात काही ठिकाणे निवडतात, एका ऋतूत सुमारे तीन महिने, आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तासांचे नमुने घेतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणचे साधारण २४ नमुने हाती येतात. पावसाळा वगळतात, कारण पावसाने धूळ खाली बसते आणि चित्र खोटे दिसते.

येथे मुंबईची प्रकृती ध्यानात घ्यावी. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा खारा वारा जोमदार असतो आणि तो धूलिकण वाहून नेतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वारे मंदावतात, जमिनीकडून वाहतात, आणि रात्री-पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत अडकून वरच्या उबदार थराखाली कोंडला जातो. धूर वर जाऊ शकत नाही. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. शहराची हवा सर्वांत वाईट असते ती याच महिन्यांत. अहवालातील मोजमाप मार्च ते मे या काळातले असेल, तर ते खोटे ठरत नाही. पण 'परिसरातील हवा' असे निर्विशेष नाव त्याला देणे चुकीचे आहे. ती परिसरातील उन्हाळ्याची हवा आहे. अहवाल हाती आल्यावर मी आधी महिने पाहतो, मग आकडे.

यानंतर आकडे कशाशी ताडायचे, हा प्रश्न येतो. भारताची राष्ट्रीय मानके नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झाली. त्यांत बारा प्रदूषके आहेत. बांधकामाच्या संदर्भात त्यांपैकी तीन महत्त्वाची. दहा मायक्रोमीटरपर्यंतचे धूलिकण (पीएम १०) : चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, वार्षिक मर्यादा ६०. अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे सूक्ष्म कण (पीएम २.५) : चोवीस तासांसाठी ६०, वार्षिक ४०. नायट्रोजन डायऑक्साइड : अनुक्रमे ८० आणि ४०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक मूल्ये याहून पुष्कळ कडक आहेत, पीएम २.५ साठी तिचे वार्षिक मूल्य ५ आहे, पीएम १० साठी १५.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अहवालात लिहिले आहे : 'पीएम १० चे प्रमाण ६१ ते १०९ या दरम्यान आढळले. सरासरी ८८ असून ते विहित मर्यादेच्या आत आहे.' कोणत्या मर्यादेच्या? १०० च्या. पण १०० ही एका दिवसाची मर्यादा आहे, आणि ८८ ही तीन महिन्यांची सरासरी. एका दिवसाच्या मर्यादेशी एकेका दिवसाचा आकडा ताडायचा, आणि तसे केले तर १०९ चा दिवस मर्यादेबाहेर जातो. दीर्घ काळाची सरासरी ताडायची तर ती ६० शी, आणि ८८ हा ६० पेक्षा जवळजवळ दीडपट आहे. तीन महिने म्हणजे वर्ष नव्हे, हे खरे. वार्षिक सरासरीसाठी वर्षातून किमान १०४ मोजमापे लागतात. तरीही तिमाहीची सरासरी दिवसाच्या मापाने मोजणे म्हणजे महिन्याचा किराणा एका दिवसाच्या वाटीने मापणे होय. 'विहित मर्यादा' हे एकवचन जेथे दिसेल तेथे थांबावे. मर्यादा दोन आहेत.

असाच घोटाळा 'मध्यम' या शब्दाचा. हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या सहा श्रेणी आहेत : चांगली, समाधानकारक, मध्यम, खराब, अतिशय खराब आणि गंभीर. १०१ ते २०० निर्देशांकाला 'मध्यम' म्हणतात. मराठीत मध्यम म्हणजे ना बरे ना वाईट. मध्यम आच, मध्यम उंची. परंतु ही श्रेणी सुरू होते तीच मुळी पीएम २.५ चे चोवीस तासांचे प्रमाण ६० ओलांडल्यावर. 'मध्यम' हवा राष्ट्रीय मानकाबाहेरची हवा असते. वृत्तपत्रासाठी लिहिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

५. भर कोठून पडते

बांधकामाच्या काळात जुनी शेड पाडणे, तळघरांसाठी खोदाई, राडारोडा वाहून नेणारे डंपर, काँक्रीट कालवण्याचे संयंत्र आणि डिझेलवरील जनरेटर ही मुख्य उगमस्थाने होत. राडारोड्याची धूळ बरीचशी भरड असते, ती डोळ्यांना दिसते, खिडकीच्या गजांवर बसते, आणि लोक तक्रार करतात तीही तिचीच. डिझेलचा धूर अतिसूक्ष्म कणांचा असतो, तो गजांवर दिसत नाही, फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. मराठीतील 'धूळ' हा शब्द पहिलीच दाखवतो. 'आमच्याकडे धूळ नाही' असे म्हणणाऱ्याच्या घरात पीएम २.५ नसेलच असे नाही.

बांधकाम संपून वापर सुरू झाला की मुख्य प्रश्न वाहनांचा. संमिश्र वापराचे वैशिष्ट्य येथे दिसते. कार्यालयाची गर्दी सकाळी नऊ-दहाला आणि सायंकाळी, मॉलची शनिवार-रविवारी रात्री, घरांची दिवसभर विखुरलेली. म्हणून एकाच 'गर्दीच्या तासा'चे मोजमाप पुरत नाही. दुसरे असे की, जो तेथेच राहतो तो तेथेच काम करील, तेथेच खरेदी करील आणि गाडी काढणार नाही, असे गृहीत धरून अहवालकार फेऱ्यांची संख्या काही टक्क्यांनी कमी करतात. तत्त्व चुकीचे नाही. प्रश्न टक्क्यांचा आहे. मनोऱ्यातील सदनिका घेणारा आणि त्याच आवारातील मॉलमध्ये बिले करणारा ही बहुधा वेगळी माणसे असतात. दुसरा लोकलने येतो आणि पुलावरून चालत येतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. गिरण्यांच्या जागी कार्यालये आल्यावर या स्थानकांवरील गर्दी किती वाढली होती, ते त्या दिवशी सर्वांनी पाहिले. रस्त्यावरील चौकात मोटारी मोजणाऱ्या पाहणीत ही माणसे येत नाहीत. ती श्वास मात्र त्याच रस्त्यावर घेतात.

उत्सर्जनाचा अंदाज झाला की ते हवेत कसे पसरेल याचे गणिती प्रतिमान चालवतात. एरमॉड हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, आणि रस्त्यांसाठीचे कॅलाइन हे कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागाचे. वाऱ्याचा वेग, दिशा, उत्सर्जनाचे प्रमाण दिले की अमुक अंतरावर अमुक वाढ, असे उत्तर मिळते. अशी प्रतिमाने मोकळ्या भूभागावर चांगली चालतात. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मध्ये अरुंद रस्ता असेल तर तो रस्ता दरीसारखा वागतो. वारा वरून जातो, खालचा धूर भोवऱ्यात फिरत राहतो. अहवालात ही स्थिती विचारात घेतली आहे का, हे विचारण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. 'इमारतींचा परिणाम' असा उल्लेख आहे की नाही, एवढे शोधावे.

वाढ कोणत्या बिंदूवर मोजली, हेही पाहावे. शाळा, रुग्णालये यांना अहवालात 'संवेदनशील ठिकाणे' म्हणतात. परळमध्ये के.ई.एम., टाटा स्मारक आणि वाडिया ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत, आणि टाटाच्या बाहेर पदपथावर राहणारे रुग्णांचे नातेवाईक कोणत्याही यादीत नसतात. ज्यांना सर्वाधिक धूळ मिळते ते बांधकामावरील मजूर, जे बहुधा त्याच आवारात पत्र्याच्या खोल्यांत मुलाबाळांसह राहतात, त्यांनाही संवेदनशील ठिकाण म्हणून दाखवलेले मी पाहिलेले नाही.

६. 'नगण्य' आणि 'तात्पुरता'

आपले काल्पनिक उदाहरण पुढे नेऊ. प्रतिमानाने सांगितले, प्रकल्पामुळे पीएम १० मध्ये १.८ मायक्रोग्रॅमची वाढ होईल. ८८ अधिक १.८ म्हणजे ८९.८. निष्कर्ष : 'वाढ नगण्य असून हवेच्या गुणवत्तेवर लक्षणीय परिणाम होणार नाही.'

'नगण्य' म्हणजे जे गणनेत घेण्याजोगे नाही ते. दशांशापर्यंत गणून झाल्यावर त्याला नगण्य म्हणणे ही मौजेची गोष्ट आहे. नगण्य कशाच्या तुलनेत? ८८ च्या तुलनेत १.८ म्हणजे दोन टक्के. वार्षिक मानक ६० च्या तुलनेत तीन टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या १५ च्या तुलनेत बारा टक्के. आधीची हवा जितकी वाईट, तितकी नवी भर लहान दिसते. म्हणजे घाणीची मात्रा वाढत गेली की पुढच्याचा वाटा आपोआप नगण्य होतो. तुलनेचा आधार काय, हे लिहिल्याशिवाय या विशेषणाला अहवालात जागा नसावी असे मला वाटते.

आणखी एक. त्याच टापूत समजा बारा प्रकल्प एकाच वेळी चालू आहेत, आणि प्रत्येकाच्या अहवालात पायाभूत ८८ आणि वाढ १.८ आहे. प्रत्येक अहवाल एकट्याने खरा. साधी बेरीज केली तर वाढ २१.६ होते आणि प्रमाण १०९.६ वर जाते. अशी बेरीज करणे शास्त्रशुद्ध नाही, कारण प्रत्येकाचा सर्वाधिक परिणाम एकाच बिंदूवर, एकाच दिवशी पडत नाही. परंतु इतर अकरांचा परिणाम शून्य धरणे त्याहून अधिक अशास्त्रीय आहे, आणि अहवाल सुटासुटा वाचला तर आपण नकळत तेच करतो. याला 'संचयी आघात' म्हणतात. या संज्ञेखाली अहवालात एक परिच्छेद आहे की एक वाक्य, यावरून पुष्कळ कळते.

'बांधकामकालीन परिणाम तात्पुरता आहे' हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक अहवालात भेटते. प्रकल्पाच्या दृष्टीने ते खरे आहे : पाच-सहा वर्षांनी काम संपते. पण वाक्याचा अध्याहृत केंद्रबिंदू बदलून पाहावा. लालबागच्या चाळीत जन्मलेल्या मुलाच्या खिडकीसमोर एका गिरणीचे काम संपते तेव्हा पलीकडच्या गिरणीचे सुरू होते. प्रकल्पासाठी तात्पुरते असलेले त्या मुलाचे अख्खे बालपण असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरील हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारक ठरवले. ते परिणाम वर्षानुवर्षांच्या श्वासातून होतात, आणि ती वर्षे प्रकल्पांच्या हद्दींनुसार तुटत नाहीत.

७. उपाययोजनांचे क्रियापद

अहवालाचे शेवटचे प्रकरण उपाययोजनांचे. त्यातील वाक्ये अशी : 'आवश्यकतेनुसार पाण्याची फवारणी करण्यात येईल. शक्य तेथे वाहने झाकून नेण्यात येतील. जनरेटरची नियमित देखभाल केली जाईल.'

'करण्यात येईल' ही रचना आपण कर्मणी आणि भावे प्रयोगांच्या पाठात पाहिली आहे. तिच्यात कर्ता लोपतो. कार्यालयीन भाषेत त्याला कारण असते, कारण तेथे कर्ता म्हणजे कार्यालय हे सर्वांना ठाऊक असते. येथे ते ठाऊक नसते. फवारणी कोण करणार? विकासक, मुख्य कंत्राटदार, की खोदाईचा उपकंत्राटदार? 'आवश्यकता' कोण ठरवणार? आणि न केल्यास काय?

याच्या शेजारी मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेली धूळनियंत्रणाची मार्गदर्शक तत्त्वे ठेवून पाहावीत. त्यांत ७० मीटरहून उंच इमारतींच्या बांधकामाभोवती किमान ३५ फूट उंचीचे पत्रे उभारावेत, बांधकाम कापडाने वा ताडपत्रीने झाकावे, अशा अटी आहेत. त्यांची अंमलबजावणी कितपत झाली हा वेगळा प्रश्न. पण ३५ फूट मोजता येतात. शेजारच्या चाळीतला माणूस खिडकीतून पाहून सांगू शकतो की पत्रा आहे की नाही. 'आवश्यकतेनुसार' हे खिडकीतून दिसत नाही. अर्थात आकडा असला म्हणजे सर्व झाले असेही नव्हे : ३५ फुटांचा पत्रा जमिनीलगतची धूळ अडवतो, तिसाव्या मजल्यावर काँक्रीट घासले जाते तेव्हा तेथे कापडच लागते.

मंजुरीनंतर प्रकल्प प्रस्तावकाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक असतो. मूळ अहवालातील भविष्यकाळ आणि पूर्तता अहवालातील भूतकाळ समोरासमोर ठेवून वाचणे, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयुक्त अभ्यास आहे. 'फवारण्यात येईल' चे रूपांतर 'दररोज चार वेळा फवारले' असे झाले आहे, की 'फवारण्यात येत आहे' असे?

स्वाध्याय

१. पुढील उतारा कर्तरी प्रयोगात लिहा. प्रत्येक वाक्यात कर्ता, वेळ आणि मोजता येईल असे परिमाण घाला : 'खोदाईच्या काळात धुळीचे प्रमाण कमी ठेवण्याची दक्षता घेण्यात येईल. राडारोडा योग्य प्रकारे वाहून नेण्यात येईल. आवश्यकता भासल्यास अतिरिक्त उपाय योजण्यात येतील.'

२. एका अहवालानुसार नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पीएम २.५ ची सरासरी ५८ आढळली आणि ती 'विहित मर्यादेत' आहे. कोणती मर्यादा वापरली असावी, कोणती वापरायला हवी होती आणि का, हे सुमारे १५० शब्दांत लिहा.

३. 'हवा', 'वायू', 'वारा' हे तीन शब्द आपल्या बोलीत कोणकोणत्या अर्थांनी येतात याची उदाहरणे जमवा. 'हवा खराब आहे' या वाक्याचा अर्थ आपल्या घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा आणि उत्तर तिच्याच शब्दांत नोंदवा.

४. आपल्या शहरातील एका बांधकाम प्रकल्पाचे मंजुरीपत्र आणि एक सहामाही पूर्तता अहवाल 'परिवेश' संकेतस्थळावरून मिळवा. हवेविषयीच्या अटींचा मराठी सारांश दोनशे शब्दांत असा लिहा की, शेजारच्या इमारतीतील सातवीपर्यंत शिकलेल्या वाचकाला तो फलकावर उभ्याने वाचून कळेल.